डाळ येऊ द्या, तेल आवरा

चौल-रेवदंडा रस्त्यावर शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्या सर्वात आधी थांबतात त्या वडापावच्या टपरीपाशी. हातातला वडापाव कितीही मराठमोळा वाटला, तरी त्याची कुंडली मांडली तर ती बहुतांशी परदेशी निघते. बटाटा आणि मिरची मूळ अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांच्या जहाजांतून आलेली. पाव हा शब्दही त्यांचाच. वडा तळला ते तेल बहुधा इंडोनेशिया किंवा मलेशियाचे पामतेल. बेसनात वाटाण्याचे स्वस्त पीठ मिसळलेले असेल, तर तो पिवळा वाटाणा कॅनडाचा किंवा रशियाचा. राहता राहिले मीठ, हळद आणि लसूण.

यात लाजण्यासारखे काही नाही. चौल हे गावच मुळी आयात-निर्यातीवर जगलेले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या दर्यावर्दी टिपणात कल्याणनंतर ‘सेमुल्ला’ नावाच्या बाजारपेठेचा उल्लेख येतो. बहुतेक अभ्यासक ते चौलच मानतात. त्याच टिपणात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून आफ्रिकेच्या बंदरांकडे काय जात असे, याची यादी आहे. गहू, तांदूळ, तूप, तिळाचे तेल, कापड आणि उसाचा ‘मध’. आखाताकडून इकडे खजूर येई. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी हा किनारा आफ्रिकेला तेल आणि धान्य पुरवत होता. आज चौलमधल्या किराणा दुकानातली तूर मोझांबिक, टांझानिया किंवा मलावीची असू शकते, आणि तेल तर बव्हंशी बाहेरचेच. ते उतरते त्याच रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यातल्या न्हावा-शेवा बंदरात. कुंडलिकेच्या मुखावरचे जुने बंदर गाळाने आणि मुंबईच्या उदयाने मागे पडले, पण जिल्ह्याचा धंदा बदललेला नाही. फक्त जहाजे तेलाने भरून जाण्याऐवजी भरून येऊ लागली.

पोर्तुगीजांनी चौलला १५२१ मध्ये किल्ला बांधायला घेतला आणि १७४० मध्ये ते ठाणे मराठ्यांच्या हाती आले. या दोनशे वर्षांत काजू, अननस, पपई, पेरू आणि मिरची कोकणच्या परसात इतकी मुरली, की आज मिरचीला परदेशी म्हटले तर कोळीवाड्यातली बाई हसेल. खाडीपलीकडच्या कोर्लईत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली बोली अजूनही घराघरांत आहे. नारळ-पोफळीच्या ज्या वाड्यांना आपण कोकणचा अस्सल चेहरा समजतो, त्या पोफळीचे मूळही आग्नेय आशियात सापडते. अन्नाच्या बाबतीत ‘आपले’ आणि ‘परके’ ही विभागणी फार दूर नेता येत नाही.

तरीही आयात म्हटले की आपल्याकडे एक अढी असते, आणि ती उगाच नाही. १९६६ मध्ये देशाने सुमारे एक कोटी टन धान्य आयात केले, त्यातले बहुतेक अमेरिकेच्या ‘पीएल ४८०’ कायद्याखालचे. जहाज बंदराला लागले की धान्य थेट तोंडात, अशी ती अवस्था होती. त्याच्या आदल्या वर्षी लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडायचे आवाहन केले होते. १९७२ च्या दुष्काळातली तांबडी मिलो ज्वारी आणि सुकडी आठवणारी पिढी महाराष्ट्रात अजून आहे; त्या भाकरीचा रंग आणि वास तिच्या बोलण्यात आजही येतो. गाजर गवताचे खापरही याच गव्हावर फुटते. त्वचेचा आणि श्वासाचा त्रास घेऊन येणाऱ्या किती तरी रुग्णांमागे हे गवत असते, हे खरे. पुण्यात त्याची नोंद १९५५-५६ च्या सुमाराची आणि ‘पीएल ४८०’चा भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ चा, त्यामुळे तारखा तितक्याशा जुळत नाहीत. मात्र अमेरिकी गहू त्याआधी, १९५१ पासूनच मदतकर्जाच्या रूपाने येत होता. लोकांच्या मनातला हिशेब तारखांचा नव्हताच. मिंधेपणाबरोबर रोगही आला, असा तो होता.

आजची आयात त्या जातीची नाही. जगात खाल्ल्या जाणाऱ्या दर पाच कॅलरींपैकी साधारण एक कॅलरी कुठली ना कुठली सीमा ओलांडून ताटात येते. भारत तांदूळ विकतो, डाळ आणि तेल विकत घेतो. हे भीक मागणे नाही, व्यापार आहे. प्रश्न वेगळाच आहे, आणि तो अर्थसंकल्पाच्या चर्चेत क्वचित येतो. बाहेरून येणाऱ्या ज्या वस्तू सरकार आयात शुल्काने महाग किंवा स्वस्त करते, त्या शरीरात गेल्यावर काय करतात? डाळ आणि तेल या भारताच्या दोन मोठ्या अन्न-आयाती. दोन्हींकडे ‘महागाई आवरायची’ या एकाच नजरेने पाहिले जाते. वैद्यकीयदृष्ट्या त्या एकमेकींच्या उलट दिशेला आहेत.

आधी डाळ. ऑक्टोबर २०१५ मध्ये तूरडाळ किरकोळ बाजारात किलोला २०० रुपयांपर्यंत गेली होती. अशा वेळी गरीब घरात डाळ बंद होत नाही, ती पातळ होते. वाटीत पूर्वीइतकेच वरण दिसते, डाळ मात्र निम्मी असते. मुलांचे आणि म्हाताऱ्यांचे पोट भाताने भरते, प्रथिने घटतात, आणि हे कुठल्याही सर्वेक्षणात ‘उपासमार’ म्हणून नोंदले जात नाही. मांस-मासळी रोज परवडत नाही अशा कुटुंबाला डाळीइतका स्वस्त दुसरा आधार नाही. किनाऱ्यावरच्या गावांत जवळा, सुकट, बोंबील थोडी भरपाई करतात. डोंगरपट्ट्यातल्या कातकरी वाड्यांवर तेही नसते.

हे किती गंभीर आहे ते झारखंडमध्ये झालेल्या ‘रेशन्स’ अभ्यासाने दाखवले. क्षयरुग्णांच्या घरातल्या माणसांना दरमहा माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या देण्यात आल्या. ज्या घरांत हा शिधा पोचला, तिथे घरातल्या इतरांना क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी राहिले. २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या लशीने क्षय एवढा रोखला असता तिची बातमी पहिल्या पानावर आली असती. दीड किलो डाळीची आली नाही. सरकारने निक्षय पोषण योजनेतली रुग्णाची मदत नोव्हेंबर २०२४ पासून महिना ५०० रुपयांवरून १,००० रुपये केली, हे चांगलेच झाले. पण त्या हजारात किती डाळ बसते, हे ठरवतो बाजार, आणि बाजारात डाळ किती आहे हे ठरते काही प्रमाणात म्यानमार आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर. २०१५ च्या भडक्यानंतर भारताने २०१६ मध्ये मोझांबिकशी तुरीचा करार केला आणि २०२१ पासून तुरीची आयात खुली झाली. महाराष्ट्रात, विशेषतः सरकारी रुग्णालयांच्या दारात येणाऱ्या लोकांसाठी, ही आयात औषधासारखी आहे असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

याची दुसरी बाजू लातूर, अकोला, यवतमाळच्या शेतकऱ्याची. तिच्याकडे डोळेझाक करून डॉक्टरी सल्ला देणे सोपे आहे. २०२४-२५ मध्ये तुरीचा हमीभाव क्विंटलला ७,५५० रुपये होता आणि २०२५ मध्ये अनेक बाजार समित्यांत भाव त्याच्या खाली गेला. त्याआधी, डिसेंबर २०२३ पासून पिवळ्या वाटाण्याची आयात शुल्कमुक्त करून ठेवलेली होती. शेतकऱ्याच्या घरातली कर्जाची चिंता हाही आरोग्याचाच विषय आहे, विदर्भाला ते वेगळे सांगायला नको. इथे दोष आयातीपेक्षा ती ज्या लहरीने उघडते-मिटते तिचा आहे. मुदत संपत आली की शेवटच्या आठवड्यात ती वाढवायची, ही पद्धत व्यापाऱ्याला सोयीची आणि पेरणी करणाऱ्याला घातक आहे. भाव हमीभावाच्या खाली गेला की शुल्क आपोआप लागू व्हावे, ठरावीक मर्यादेच्या वर गेला की ते उठावे, आणि हे दोन्ही आकडे पेरणीपूर्वीच जाहीर असावेत. एवढे केले तरी डाळ खाणारा आणि डाळ पिकवणारा यांची आजची ओढाताण बरीच सैल होईल.

आता तेल. १९८६ मध्ये तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू झाले आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला देश आपल्या गरजेचे जवळपास सारे खाद्यतेल स्वतः काढू लागला होता. १९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली झाली. पुढच्या चार वर्षांत तिच्यावरचे शुल्क ६५ टक्क्यांवरून १५ टक्क्यांपर्यंत उतरले. शेंगदाणा आणि करडईचे घाणे बंद पडत गेले. आता निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते. अलीकडच्या वर्षांतली आयात १४० ते १६५ लाख टनांच्या घरात आहे आणि तिचा सर्वात मोठा वाटा पामतेलाचा. दरम्यान खाणेही वाढले. नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालात दरडोई खप वर्षाला १९.७ किलो दिला आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शिफारशीचा आकडा म्हणून सुमारे १२ किलो सांगितला जातो. चार माणसांच्या कुटुंबाचा विचार केला तर हा फरक महिन्याला अडीच किलो तेलाचा आहे. तो सगळा स्वयंपाकघरातल्या फोडणीतून येत नाही. बिस्किटे, फरसाण, वेफर्स, खारी आणि टपरीवरच्या कढईतून तो येतो. या जिनसांत पामतेल असते कारण ते स्वस्त आहे, घट्ट राहते आणि लवकर खवट होत नाही. वेष्टनावर ते ‘खाद्य वनस्पती तेल’ या सभ्य नावामागे बारीक अक्षरांत लपलेले असते.

पामतेल हे विष नाही. समाजमाध्यमांवर फिरणारे तसले संदेश मनावर घेऊ नयेत. त्याने एक उपकारही केला आहे. वनस्पती तुपातली ट्रान्स मेदाम्ले हृदयाला पामतेलापेक्षा कितीतरी घातक होती. देशाने त्यांची मर्यादा २०२१ मध्ये ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के केली, तेव्हा बेकरीवाल्यांना घट्टपणासाठी पर्याय मिळाला तो पामतेलाचाच. पण पामतेलातली जवळपास निम्मी मेदाम्ले संपृक्त असतात. शेंगदाणा तेलात ती पाचव्या हिश्शाच्या आसपास, मोहरीत त्याहूनही कमी. संपृक्त मेदामुळे रक्तातले घातक कोलेस्टेरॉल वाढते. चाळिशीच्या आत हृदयविकाराचा झटका येऊन दाखल होणारे रुग्ण आता जिल्हा रुग्णालयांतही नवलाचे राहिलेले नाहीत. त्याला तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, बैठे काम अशी अनेक कारणे आहेत. त्यांत तेलाचाही वाटा आहे, आणि सरकारच्या थेट हातात असलेल्या थोड्या गोष्टींपैकी तो एक आहे.

२०१३ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये भारतातल्या पामतेलावर २० टक्के कर लावला तर काय होईल, याचे गणिती प्रारूप प्रसिद्ध झाले होते. दहा वर्षांत हृदयविकार आणि पक्षाघाताचे सुमारे ३ लाख ६३ हजार मृत्यू टळतील, असा त्याचा अंदाज होता. प्रमाणात पाहिले तर ही घट १.३ टक्क्यांची, म्हणजे चमत्कार नव्हे. तेल महागल्याने गरीब कुटुंबांत अन्नाची टंचाई वाढू शकते, असा इशाराही संशोधकांनी प्रामाणिकपणे दिला होता. प्रारूप हे प्रारूपच असते. तरी आयात शुल्काचा आकडा हा आरोग्याचाही आकडा आहे, एवढे त्यातून उघड होते. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचे मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के केले. मे २०२५ च्या अखेरीस ते १० टक्क्यांवर आणले. पहिल्या निर्णयाची चर्चा सोयाबीन उत्पादकांसाठी झाली, दुसऱ्याची महागाई आणि तेल शुद्धीकरण कारखान्यांसाठी. मधल्या आठ महिन्यांत पंतप्रधान जाहीर कार्यक्रमांतून तेल १० टक्क्यांनी कमी खा, असे लोकांना सांगत होते. एका खात्याने कमी खा म्हणायचे आणि दुसऱ्याने स्वस्त करून द्यायचे. शिवाय तिन्ही तेलांना एकच दर लावणे हेही वैद्यकशास्त्राला धरून नाही; सूर्यफूल आणि सोयाबीन तेलापेक्षा पामतेलावरचा भार कायमचा थोडा जास्त असायला हवा.

राज्य सरकारही यातून सुटत नाही. २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्रात १०० रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला गेला. एक किलो रवा, एक किलो साखर, एक किलो चणाडाळ आणि एक लिटर पामतेल. सणाची पिशवी आहे, तिच्याकडे फार डॉक्टरी नजरेने पाहू नये, हे मान्य. पण लाखो घरांत जाणारी पिशवी भरताना दोन किलो चणाडाळ आणि अर्धा लिटर शेंगदाणा किंवा सोयाबीन तेल, असा हिशेब कुणी मांडून पाहिला असता तर बरे झाले असते.

मग नारळाचे तेल का नाही, असे चौलमधला वाडीवाला विचारेल. झाड दारात, तेल शुद्ध, मधे जहाज नाही की दलाल नाही. उत्तर त्याला आवडणार नाही. खोबरेल तेलातली सुमारे ९० टक्के मेदाम्ले संपृक्त असतात, पामतेलाच्या जवळजवळ दुप्पट. आमटीत खवलेला नारळ आणि रोजच्या तळणाला खोबरेल, यांत फरक आहे. सुपारीचे तर विचारूच नये. चौल, नागाव, आक्षी, रेवदंडा या पट्ट्यातल्या वाड्यांना ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने झोडपले. आडव्या झालेल्या पोफळी पुन्हा लावून उत्पन्न यायला कित्येक वर्षे लागतात. अशा बागायतदाराला स्वस्त परदेशी सुपारीपासून संरक्षण म्हणून केंद्राने फेब्रुवारी २०२३ मध्ये सुपारीची किमान आयात किंमत किलोला ३५१ रुपये केली. त्याच्या दृष्टीने निर्णय रास्त आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच, तंबाखू नसलेल्या सुपारीलाही, माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. तोंड दोन बोटेही उघडत नाही असे तरुण रुग्ण दंतविभागात येतात, तेव्हा सुपारी श्रीवर्धनची की इंडोनेशियाची, हे कुणी विचारत नाही. गावचे ते पथ्याचे आणि बाहेरचे ते अपथ्याचे, ही समजूत इथे मोडते. सुपारी महाग राहिली तर बागायतदार आणि डॉक्टर दोघेही खूश, असा हा एक दुर्मीळ योग आहे. पुढे मात्र वाडीत जायफळ, मिरी, केळी वाढवायला मदत द्यावी लागेल.

बाहेरच्या पुरवठ्यावर विसंबण्याची जोखीम २०२२ मध्ये सर्वांनी पाहिली. फेब्रुवारीत युक्रेन युद्ध पेटले आणि सूर्यफूल तेल अडकले. एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यातच बंद केली, ती जवळपास महिनाभर. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजे पुन्हा आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, म्हणजे पाचशे वर्षांपूर्वी पोर्तुगीज ज्या वाटेने चौलला आले त्याच वाटेने. मात्र भारतानेही जुलै २०२३ मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली आणि ती वर्षभराहून अधिक काळ बंद ठेवली. जगातल्या तांदूळ व्यापारातला सुमारे ४० टक्के वाटा असलेल्या देशाने दार लावल्यावर आफ्रिकेतल्या गरीब घरांत काय झाले असेल, ते २०१५ ची डाळ आठवणाऱ्याला समजू शकते. ज्या खंडातून आपण तूर मागवतो तोच हा खंड. आणि सगळे घरीच पिकवू म्हटले तरी सुटका नाही. अलिबागजवळच्या थळ कारखान्यात युरिया होतो तो नैसर्गिक वायूपासून, देशाला लागणारा असा निम्मा वायू बाहेरून येतो, आणि पोटॅश तर पूर्णपणे. शेजारच्या शेतातला भातही थोडासा आयात केलेलाच असतो.

तरी जिल्ह्याला करण्यासारखे एक काम आहे. रायगडात भात कापल्यावर खाचरातल्या उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. पाणी द्यावे लागत नाही, खत फारसे लागत नाही, वर जमिनीत नत्र जमा होते. वालात साधारण पाव हिस्सा प्रथिने असतात. भिजवून, मोड आणून, सोलून बिरडे करायची इथली रीत पोषणाच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. मोडांमुळे लोह शोषायला अडथळा आणणारी द्रव्ये घटतात. थंडीतल्या पोपटीमुळे वालाला पर्यटकांत थोडे नाव मिळाले, पण दुबार पिकाखालची जमीन प्लॉट आणि बंगल्यांकडे चालली आहे. शाळेतल्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज २० ग्रॅम डाळ ठरलेली आहे. शंभर मुलांच्या शाळेला दिवसाला दोन किलो, वर्षाच्या दोनशे दिवसांना चार क्विंटल. आठवड्यातून एक दिवस जरी वालाचा ठेवला, तरी एका शाळेमागे ८० किलो हमखास खपतील, आणि सोलण्याचे काम बचत गटांना मिळेल. वाल पेरला जातो नोव्हेंबर-डिसेंबरात. त्यामुळे खरेदीचा भाव जिल्हा परिषदेला गणपती उठल्याबरोबर जाहीर करावा लागेल. दिवाळीनंतर केला तर त्या वर्षीची खाचरे मोकळीच राहतील.